आधी पाय, मग डोळे: बेसबॉलचा बेस अंपायर कुठे उभा राहतो आणि का

पहिल्या बेसकडे थ्रो सुटलेला असतो, बॅटर जीव खाऊन धावत असतो, अख्ख्या मैदानाची नजर चेंडूवर खिळलेली असते. त्या क्षणी एक माणूस मात्र चेंडूकडे बघत नसतो, आणि निकाल तोच देणार असतो. बेस अंपायरची नजर बेसवर असते. रनरचा पाय बेसवर कधी पडला हे डोळ्यांनी टिपायचं आणि चेंडू ग्लोव्हमध्ये कधी बसला हे कानांनी ऐकायचं, अशी वाटणी असते. ग्लोव्हचा ‘थप’ आधी आला तर आउट, पाय आधी पडला तर सेफ.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण हे जमायचं तर अंपायर योग्य जागी हवा, योग्य कोनात हवा आणि त्या क्षणी हलत नसायला हवा. अंपायरचा निकाल चुकला की आपण म्हणतो, ‘आंधळा आहे का?’ खरं तर डोळे बहुतेक वेळा ठीकच असतात, चूक दोन-तीन सेकंद आधी पायांनी केलेली असते. या लेखात त्या पायांबद्दलच बोलू.

ज्यांनी बेसबॉल फारसं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी मैदानाची झटपट ओळख. चारही बाजू ९० फुटांच्या असलेला एक चौरस घ्या आणि तो एका कोपऱ्यावर उभा करा, म्हणजे झाला डायमंड. खालच्या कोपऱ्यात होम प्लेट, तिथे बॅटर उभा राहतो. तिथून घड्याळाच्या उलट दिशेने पहिला, दुसरा आणि तिसरा बेस घेत पुन्हा होमला आलं की एक रन. मधोमध मातीचा उंचवटा असतो त्याला माउंड म्हणतात. तिथून पिचर ६० फूट ६ इंचांवरून चेंडू टाकतो. होमपासून दुसऱ्या बेसपर्यंतचं तिरकं अंतर १२७ फुटांहून थोडं जास्त भरतं. मागून दुसरा रनर येतोय म्हणून पुढे जाणं भागच असेल, तर तो फोर्स. अशा वेळी फील्डरने चेंडू हातात घेऊन बेसला नुसता पाय लावला तरी रनर आउट होतो. फटका मारून पहिल्या बेसकडे धावणाऱ्या बॅटरलाही हाच नियम. तशी सक्ती नसेल तेव्हा चेंडू, किंवा चेंडू असलेला ग्लोव्ह, थेट रनरच्या अंगाला लावावा लागतो. तो टॅग. पुढचं सगळं समजायला एवढा फरक पुरे.

अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये नेहमीच्या सामन्यांना चार अंपायर असण्याची पद्धत १९५२ पासून रुळली. वर्ल्ड सीरिजला, म्हणजे तिथल्या विजेतेपदाच्या मालिकेला, तर १९४७ पासून सहा असतात. बाकी जगात, शाळा-कॉलेजांच्या आणि क्लबांच्या सामन्यांत, बहुतेक वेळा दोघांवर भागवावं लागतं. एक कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे बसून पिचरचा चेंडू पकडणाऱ्या खेळाडूच्या मागे, तो प्लेट अंपायर. दुसरा बेस अंपायर, आणि त्याच्या वाट्याला तिन्ही बेस. फार जुन्या काळी तर एकच अंपायर असायचा. १८८०च्या दशकातला किंग केली हा खेळाडू, अंपायरची पाठ वळली की बेसला न शिवताच आडवाटेने पुढे पळायचा असं सांगतात. त्यातल्या किती गोष्टी खऱ्या आणि किती रंगवलेल्या हा भाग वेगळा, पण अडचण खरी होती. माणूस एक, कोपरे चार आणि डोळे फक्त समोर. दोन अंपायरांच्या पद्धतीत ही अडचण निम्मीच सुटते. उरलेली निम्मी धावून सोडवायची असते.

ए, बी, सी

चेंडू टाकला जाण्याआधी बेस अंपायर तीनपैकी एका जागी असतो. अंपायर मंडळी त्या जागांना सरळ ए, बी आणि सी म्हणतात.

बेसवर कोणीच नसेल तर ए. पहिला बेस राखणाऱ्या फर्स्ट बेसमनच्या मागे दहा-बारा फुटांवर, फाउल लाइनला, म्हणजे होमपासून बेसवरून पुढे जाणाऱ्या हद्दरेषेला लागून, पण दोन्ही पाय लाइनच्या बाहेर. बाहेर का? कारण ती लाइन त्याला डोळ्यांनी चिरून बघायची असते. तिच्या आसपास जोरात येणारा चेंडू फेअर (हद्दीतला) की फाउल (हद्दीबाहेरचा) हे लाइनवर उभं राहून जितकं स्वच्छ दिसतं तितकं आतून दिसत नाही. शिवाय लाइनच्या आत उभा राहिला तर एखादा चेंडू त्याच्याच नडगीवर यायचा.

पहिल्या बेसवर रनर आला की अंपायर डायमंडच्या आत शिरतो. माउंड आणि दुसरा बेस यांच्या मधोमध, पण थोडा पहिल्या बेसच्या अंगाला, ही झाली बी. दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवर रनर असेल तर तेवढ्याच खोलीवर, पण तिसऱ्या बेसच्या अंगाला, ती सी. पहिला आणि तिसरा असे दोन रनर एकाच वेळी असतील तर बी घ्यायची की सी, यावर वेगवेगळ्या संघटनांच्या शिकवणीत फरक आहे. मला स्वतःला सी पटते. पुढे असलेला रनर रनच्या जास्त जवळ असतो आणि तिथली चूक महागात पडते.

आत उभं राहण्यात धोका आहे, हे कोणालाही दिसेल. अंपायर फील्डरांच्या समोर उभा असतो आणि चेंडू त्याच्या अंगावर येऊ शकतो. नियमांनी याची दखल घेतलेली आहे. फेअर चेंडू पिचर धरून कोणत्याही फील्डरला लागण्याआधी, आणि पिचर सोडून दुसऱ्या फील्डरच्या पुढे जाण्याआधी अंपायरला लागला, तर खेळ तिथेच थांबतो आणि बॅटरला पहिला बेस मिळतो. फील्डरला लागून किंवा पिचर सोडून दुसऱ्या फील्डरला ओलांडून मग लागला तर खेळ सुरूच राहतो. म्हणजे अंपायरच्या पोटरीला लागलेला चेंडू एखाद्या संघाला फुकटचा बेस देऊन जाऊ शकतो. तरीही तो आत उभा राहतो, कारण त्या जागेवरून तिन्ही बेस आवाक्यात राहतात. एकट्या माणसाला तीन घरं राखायची असली तर चौकात उभं राहणंच शहाणपणाचं.

चेंडू टाकला जाताना बी आणि सीमध्ये तो पाय फाकवून, गुडघ्यांवर हात टेकवून किंचित वाकतो. ही ऐट नाही. या पवित्र्यात वजन दोन्ही पायांवर सारखं असतं आणि डोकं हलत नाही. कुठल्याही दिशेला पहिलं पाऊल टाकायला तो तयार असतो.

अंतर की कोन

नवख्या अंपायरला वाटतं, जितकं जवळ जाऊ तितकं चांगलं दिसेल. मलाही तसंच वाटायचं. पहिल्या वर्षी एका सामन्यात रनर दुसऱ्या बेसकडे घुसला, मी बीमधून धावत सुटलो आणि थेट चार फुटांवर जाऊन पोचलो. फील्डर माझ्याकडे पाठ करून खाली झुकला, ग्लोव्ह रनरच्या मांडीवर आपटल्याचा आवाज आला, आणि मी मूठ हवेत उगारून दणदणीत ‘आउट!’ दिलं. रनर उठला नाही. त्याने नुसतं बोट दाखवलं. फील्डरच्या बुटाशी चेंडू निवांत पडलेला होता. मी खेळाडूंच्या इतका जवळ होतो की मला पाठीशिवाय काही दिसलंच नव्हतं. निकाल फिरवावा लागला, आणि त्यानंतर दोन इनिंग प्रत्येक कॉलवर दोन्ही बाकांवरून खोकण्याचे आवाज येत होते.

त्या दिवशी जे कळलं ते असं: टॅगमध्ये बघायची असते ती फट. ग्लोव्ह आणि रनरचं अंग यांच्यामध्ये उजेडाची एक चीर असते. ती मिटली की टॅग झाला, उघडीच राहिली की नाही झाला. ती चीर फक्त बाजूने दिसते. पाठीमागून किंवा अगदी समोरून बघितलं तर दोन गोष्टी एकावर एक चढतात आणि सहा इंचांची फट असली तरी स्पर्श झाल्यासारखाच दिसतो. क्रिकेट बघणाऱ्यांना हे पटकन पटेल. रनआउटची शक्यता दिसली की गोलंदाजाच्या बाजूचा अंपायर धावत बाजूला जातो, क्रीझच्या रेषेत येतो. यष्टींच्या मागेच उभा राहिला तर बॅट रेषेच्या आत की बाहेर हे त्याला कळणार नाही. बेसबॉलमध्ये तीच गोष्ट, फक्त ती रेषा दर वेळी बदलते, कारण थ्रो कुठून येतोय आणि रनर कुठून घसरतोय यावर ती ठरते.

म्हणून शिकवतात की आधी कोन, मग अंतर. टॅगसाठी दहा-बारा फूट, कारण तिथे बारीक गोष्ट बघायची असते. फोर्ससाठी पंधरा ते अठरा फूट, कारण तिथे एक बारीक गोष्ट नसून दोन वेगळ्या गोष्टी एकाच नजरेत मावायला हव्यात: रनरचा पाय आणि फील्डरचा पाय. त्यातच फील्डरने चेंडू नीट पकडला की हातातून निसटला हेही कळायला हवं. जास्त जवळ गेलात की नजर इकडून तिकडे उडवावी लागते, आणि नजर उडत असताना जे घडतं ते कोणीच बघत नसतं.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण २६ ऑक्टोबर १९८५चं. वर्ल्ड सीरिजचा सहावा सामना, कॅन्सस सिटीत. सेंट लुईस कार्डिनल्स मालिकेत ३-२ ने पुढे, या सामन्यात १-० ने पुढे, आणि शेवटचा अर्धा डाव सुरू. यजमान कॅन्सस सिटी रॉयल्सच्या होर्हे ऑर्टाने पहिल्या बेसच्या अंगाला सरपटता चेंडू मारला. फर्स्ट बेसमन जॅक क्लार्कने तो उचलून बेसवर धावत आलेल्या पिचर टॉड वॉरेलकडे हलकेच उडवला. अंपायर डॉन डेंकिंगरने सेफ दिलं. रिप्लेमध्ये ऑर्टा आउट असल्याचं स्वच्छ दिसत होतं. रॉयल्सनी तो सामना २-१ ने जिंकला आणि पुढचा सातवा ११-० ने.

डेंकिंगरने पुढे दिलेलं स्पष्टीकरण प्रत्येक अंपायरने ऐकावं असं आहे. वॉरेल उंच होता, चेंडू वर आला, त्यामुळे ग्लोव्ह आणि पाय दोन्ही एकाच वेळी बघता येईनात. आणि चेंडू इतका हळू टाकलेला होता, प्रेक्षकांचा कल्ला इतका होता, की ग्लोव्हचा आवाजच ऐकू आला नाही. म्हणजे लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली डोळे-कानांची वाटणी दोन्हीकडून कोसळली. हळू टाकलेल्या चेंडूचा ‘थप’ नसतोच, तिथे कानावर विसंबून चालत नाही. दोन-चार पावलं मागे असता तर ग्लोव्हपासून बुटापर्यंतचा सगळा माणूस त्याच्या नजरेत मावला असता असं मला वाटतं. अर्थात हे मी चाळीस वर्षांनी, खुर्चीत बसून म्हणतोय.

कानांबद्दल आणखी एक हिशेब करण्यासारखा आहे. आवाज सेकंदाला साधारण ११०० फूट जातो. अंपायर १८ फुटांवर असेल तर ग्लोव्हचा आवाज त्याच्यापर्यंत यायला सेकंदाचा साठावा भाग लागतो. मेजर लीगमधला सरासरी रनर भरधाव असताना सेकंदाला सुमारे २७ फूट धावतो, म्हणजे तेवढ्या वेळात तो पाचेक इंच पुढे सरकलेला असतो. हे चालून जातं. पण अंपायर डायमंडच्या मध्यातच अडकून पडला आणि पहिला बेस ५० फुटांवर राहिला, तर तोच फरक चौदा-पंधरा इंचांच्या आसपास जातो. म्हणजे चेंडू खरं तर आधी पोचलेला असूनही लांबच्या अंपायरच्या कानाला तो उशिराच पोचतो आणि रनर सेफ वाटतो. धावण्याचा आळस कुठे भोवतो ते बघा.

एमधून आत

बेस रिकामे, चेंडू शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या फील्डरकडे सरपटत गेला. बॅटरला पहिल्या बेसपर्यंत पोचायला सव्वाचार सेकंदांच्या आसपास लागतात. तेवढ्या वेळात बेस अंपायर एमधून लाइन ओलांडून आत येतो आणि थ्रोच्या रेषेशी काटकोन होईल अशी जागा धरतो. थ्रो तिसऱ्या बेसच्या बाजूने येणार असेल तर बरीच पावलं आत. शॉर्टस्टॉपकडून असेल तर थोडी कमी. आणि सेकंड बेसमनकडून असेल तर जवळजवळ जागेवरच राहायचं, कारण काटकोन तिथेच बनतो. आत घुसला तर तो स्वतःच थ्रोच्या वाटेत यायचा. हे गणित डोक्यात मांडत बसायला वेळ नसतो, ते पायांत मुरावं लागतं.

मग थांबायचं. पूर्ण थांबायचं. धावताना डोकं वर-खाली होतं आणि त्याबरोबर सगळं जगही हलतं. उड्या मारणाऱ्या नजरेने दोन बुटांमधला इंचाचा फरक दिसत नाही. हवी ती जागा अजून तीन पावलांवर असेल आणि चेंडू आला असेल, तर ती तीन पावलं सोडून द्यायची आणि आहे तिथे स्थिर व्हायचं. लांबून थांबलेला अंपायर जवळून धावणाऱ्या अंपायरपेक्षा जास्त बघतो.

थांबल्यावर नजर आधी थ्रोवर. फील्डरच्या हातून सुटलेला चेंडू सरळ येतोय की वाकडा, एवढंच बघायचं. सरळ असेल तर नजर बेसवर आणायची आणि कान टवकारायचे. वाकडा असेल तर फर्स्ट बेसमन बेस सोडून पकडायला जाणार, मग पाय उचलला का आणि वाटेत रनरला टॅग केलं का, हे प्रश्न उभे राहतात. या दोन गोष्टी बेस अंपायरला त्याच्या कोनातून दिसल्या नाहीत तर तो मागे येणाऱ्या प्लेट अंपायरकडे बोट करून विचारू शकतो. पाय आणि बेस यांच्यातलं अंतर होमच्या बाजूने नेमकं दिसतं.

दोन्ही एकाच वेळी घडलं असं वाटलं तर? ‘बरोबरीत रनरला फायदा’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, पण नियमपुस्तकात ते या शब्दांत कुठेही नाही. बॅटरसाठीचं कलम म्हणतं की तो बेसला पोचण्याआधी चेंडू पोचला तर आउट. फोर्स झालेल्या दुसऱ्या रनरसाठीचं कलम पूर्वी उलट बाजूने लिहिलेलं होतं: चेंडू पोचण्याआधी तो पोचला नाही तर आउट. काटेकोर वाचलं तर तेव्हा बरोबरीचा निकाल पहिल्या बेसवर एक आणि दुसऱ्यावर दुसरा निघायचा! मैदानावर यावर कोणी वाद घालत नाही. अनुभवी अंपायर म्हणतात, बरोबरी होतच नाही, एक काहीतरी आधी होतंच.

चेंडू इनफिल्ड, म्हणजे बेसांभोवतालचा भाग, ओलांडून मागच्या आउटफिल्डमध्ये पडला तर काम बदलतं. आता पहिल्या बेसवर थ्रो येणार नाही. बॅटर बेसला शिवून दुसऱ्याकडे वळेल का, हा प्रश्न. अंपायर आत धावत येतो, बेसच्या रेषेपासून दहा-बारा फूट आत, आणि एक पाय रोवून गिरकी घेतो. याला पिव्होट म्हणतात. या गिरकीत छाती चेंडूकडे राहते, आणि मान वळवून बॅटर पहिल्या बेसला खरोखर शिवला का हे पाहिलं जातं. बॅटर पुढे निघाला तर अंपायर त्याच्या आतल्या अंगाने त्याच्या पुढे पुढे दुसऱ्या बेसकडे जातो. रनर वळणावर बाहेर फेकला जातो, मोठा वळसा घेतो. अंपायर आतल्या छोट्या वाटेने जातो. पन्नाशीतला अंपायर विशीतल्या रनरच्या आधी दुसऱ्या बेसवर पोचतो त्याचं रहस्य एवढंच आहे.

आउटफिल्डमध्ये उंच उडालेला चेंडू वेगळं प्रकरण. तो झेलला की जमिनीला टेकला हे सांगायला कोणीतरी जवळ जायला हवं. एमध्ये असताना सेंटर फील्डरपासून उजव्या लाइनपर्यंतचा भाग बेस अंपायरचा. झेल अवघड वाटला, फील्डर सूर मारणार असं दिसलं, की तो ओरडून सांगतो ‘मी जातोय’ आणि बाहेर पळतो. तिथून तो परत येत नाही. त्या क्षणापासून रनरची सगळी जबाबदारी प्लेट अंपायरवर येते. बी किंवा सीमध्ये असेल तर मात्र बाहेर जायचं नाही, कारण आत रनर आहेत. तिथे समोरच्या व्ही आकाराच्या पट्ट्यातले झेल त्याने आतूनच बघायचे, आणि दोन्ही लाइनकडचे झेल प्लेट अंपायरने.

बीमधली घालमेल

पहिल्या बेसवर रनर आला की खेळाचा रंग बदलतो, आणि बेस अंपायरची खरी परीक्षा सुरू होते.

रनर बेस चोरायला निघाला, म्हणजे फटका न लागताच पुढच्या बेसकडे सुटला. प्रत्येक नवख्याचा पहिला आवेग म्हणजे गर्रकन वळून दुसऱ्या बेसकडे धावणं. तसं केलं की कॅचरचा थ्रो पाठीमागून येतो, कुठून येतोय ते दिसत नाही, आणि क्वचित डोक्यातही बसतो. बरोबर पद्धत अशी की नजर कॅचरवर ठेवूनच एक-दोन पावलं दुसऱ्या बेसच्या दिशेने सरकायची, आणि चेंडू जवळून गेला की त्याच्याबरोबर वळायचं. अंपायरने वळायचं नसतं, चेंडूने त्याला वळवायचं असतं. शिकवणारे याला फाटक उघडणं म्हणतात. चेंडूला वाट द्यायची आणि आपण त्याच्या मागून फिरायचं, म्हणजे छाती, खांदे, नजर सगळं एकाच वेळी बेसकडे येतं.

पिचरने अचानक पहिल्या बेसकडे फेकलं तर, म्हणजे पिकऑफ झाला तर, बीमधून बघणाऱ्याला मागे झेप घेणाऱ्या रनरची पाठच दिसते. वेळ अर्ध्या सेकंदाचा. इतक्यात फार काही करता येत नाही, पण होम आणि पहिला बेस यांच्या मध्याकडे, म्हणजे पंचेचाळीस फुटांच्या खुणेकडे, एक-दोन पावलं टाकून वळलं तर हात आणि ग्लोव्ह यांच्यातली ती चीर थोडी उघडते. एका पावलाने इतका फरक पडतो हे पहिल्यांदा करून बघितल्यावरच पटतं.

आणि डबल प्ले. चेंडू शॉर्टस्टॉपकडे, तिथून दुसऱ्या बेसवर, तिथून पहिल्यावर. दोन आउट, दोन वेगळ्या जागा, निकाल देणारा एकच. अंपायर आधी दुसऱ्या बेसकडे तोंड करतो, एखादं पाऊल टाकतो, थांबतो. फील्डरने बेसला पाय लावून चेंडू पकडला का, ते बघतो. हे सांगायला साधं वाटतं, पण बरीच वर्षं ते नीट बघितलंच जात नव्हतं. रनरच्या स्लाइडपासून वाचायला फील्डर बेसच्या आसपास असला तरी अंपायर आउट देऊन टाकायचे. त्याला नावच ‘नेबरहुड प्ले’ होतं. मेजर लीगमध्ये २०१६ पासून फील्डरला धडक देणाऱ्या स्लाइडवर कडक नियम आला, आणि त्याबरोबरच पाय बेसला लागला की नाही हे रिप्लेमध्ये तपासता येऊ लागलं. तेव्हापासून ती सवलत संपली.

पहिला निकाल देत असतानाच चेंडू पुढे निघालेला असतो. आता मान आधी वळते, मग शरीर. पहिल्या बेसकडे तीन-चार झपाझप पावलं, आणि थ्रो पोचायच्या आत पुन्हा स्थिर. इथे अंतर जास्त राहणारच, ते मान्य करायचं. दुसऱ्या बेसवर मागे काय झालं, रनरने फील्डरला पाडलं का, हे बेस अंपायरला आता दिसत नाही. ते बघायला प्लेट अंपायर पुढे आलेला असतो. असायला हवा, असं म्हणतो.

सीबद्दल वेगळं फार सांगण्यासारखं नाही. तत्त्वं तीच, आरशात उलटी. फरक इतकाच की तिथे बहुतेक वेळा एकाहून जास्त रनर असतात, आणि बेस अंपायरची मान सतत हलती असते. बॅटर पहिल्याला शिवला का, दुसऱ्यावरच्याने झेलाआधीच बेस सोडला का, चेंडू कुठे आहे. चेंडू हातात धरलेला फील्डर शांत उभा असतो तेव्हा रनरकडे एक नजर टाकायची, पुन्हा चेंडूकडे. चेंडू मात्र नजरेआड फार वेळ होऊ द्यायचा नाही.

या सगळ्यातून एक गैरसमज होऊ नये. बरोबर जागी उभं राहून, थांबून, नीट बघूनही चूक होऊ शकते. २ जून २०१०ला डेट्रॉइटमध्ये आर्मांडो गलारागाने सव्वीस बॅटर एकामागून एक बाद केले होते. सत्ताविसावा आउट झाला की परफेक्ट गेम, म्हणजे एकाही बॅटरला बेसवर पोचू न देता संपवलेला सामना. जेसन डोनाल्डचा सरपटता फटका फर्स्ट बेसमन मिगेल काब्रेराने उचलला, बेसवर आलेल्या गलारागाकडे फेकला, आणि पहिल्या बेसवरच्या जिम जॉईसने सेफ दिलं. तो आउट होता. जॉईसने सामना संपल्यावर रिप्ले पाहिला आणि चूक उघडपणे कबूल केली. १९८५ आणि २०१०चे फटके शेजारी ठेवून बघा: फर्स्ट बेसमन चेंडू उचलतो, पिचर बेसवर धावत येतो, चेंडू आणि दोन माणसं एकाच ठिकाणी आदळतात. अंपायरसाठी हे बघणं फार गुंतागुंतीचं असतं. अशा निकालांसाठी रिप्ले मेजर लीगमध्ये २०१४ला आला. रिप्ले नसलेल्या मैदानांवर अजूनही पायच कामाला येतात.

दोन अंपायरांमध्ये एक गुपचूप संभाषण चालू असतं, तेही बघण्यासारखं. रनर पहिल्यावर असताना चेंडू उजव्या आउटफिल्डमध्ये पडला आणि रनर तिसऱ्याकडे सुटला, तर प्लेट अंपायर तिसऱ्या बेसकडे धावतो आणि ओरडतो, ‘तिसरा माझा!’ ते ऐकलं की बेस अंपायर तिसऱ्याचा नाद सोडतो आणि मागे राहिलेल्या बॅटरकडे वळतो. ऐकू आलं नाही तर दोघे एका बेसवर आणि दुसरा बेस बेवारस. हे मी प्रत्यक्ष होताना बघितलंय. एकाने सेफ दिलं, दुसऱ्याने त्याच क्षणी आउट.

म्हणून चेंडू टाकला जाण्याआधीच सगळं ठरवून घेतात, खुणांनी. समजा दोन आउट झालेत आणि दुसऱ्या बेसवर रनर आहे. आता एखाद्या बेसवर टॅगने तिसरा आउट झाला तर तो आउट होण्याच्या क्षणाआधी रनर होमला शिवला होता का, यावर एक रन धरायचा की नाही ते ठरणार. तो क्षण होमवर बघायचा, आणि टॅग बेसवर. प्लेट अंपायर मास्क वर सारतो, मनगटावर दोन बोटं टेकवतो. बेस अंपायरही तीच खूण परत करतो, रनर किती फूट पुढे उभा आहे ते बघून घेतो, चार पावलं चालत सीवर येतो, आणि गुडघ्यांवर हात ठेवून पिचरच्या खांद्याकडे बघत उभा राहतो.